अर्जाचे तीस दिवस

माहितीच्या अधिकारावरचे बहुतेक लेखन अर्जदाराच्या मागणीपासून सुरू होते आणि त्याला मिळालेल्या किंवा नाकारलेल्या उत्तरापाशी थांबते. अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवणाऱ्या शाखेत, दाखल झाल्यापासून उत्तराचे पत्र जावक क्रमांक घेऊन बाहेर पडेपर्यंत तो कोणकोणत्या टेबलांवरून फिरतो, कोठे थांबतो आणि का थांबतो, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला आहे. प्रस्तुत लेखात तो विचार दोन भूमिकांच्या संवादातून मांडला आहे. पहिली भूमिका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या आणि काही वर्षे जन माहिती अधिकाऱ्याचे काम सांभाळलेल्या एका कार्यालयीन अधीक्षकाची आहे, तर दुसरी ग्रामीण अर्जदारांना अर्ज आणि अपिले लिहून देणाऱ्या एका वकील बाईंची आहे. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. ज्या तरतुदींवर आणि ज्या कार्यपद्धतीवर त्यांचा वाद चालतो, त्या मात्र खऱ्या आहेत.

वादाला आधार म्हणून दोघांनी एक साधा अर्ज समोर ठेवला. एका गावाच्या पोहोच रस्त्याचे डांबरीकरण झाले, पहिल्याच पावसात रस्ता उखडला, आणि गावातील एका रहिवाशाने त्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, अदा केलेली देयके आणि मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने मागितली. मोजमाप पुस्तिका म्हणजे जागेवर झालेल्या कामाची लांबी, रुंदी आणि जाडी अभियंता जिच्यात नोंदवतो आणि जिच्या आधारावर कंत्राटदाराचे देयक निघते ती क्रमांकित वही; रस्ता कागदावर किती जाडीचा झाला हे सांगणारा तिच्याइतका थेट पुरावा दुसरा नसतो. महाराष्ट्रात असा अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून करता येतो, आणि २०१२ पासून राज्याच्या नियमांनुसार तो एकाच विषयापुरता आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराने सांगण्याची गरज नाही, असे २००५ च्या केंद्रीय अधिनियमाचे कलम ६(२) स्पष्टपणे म्हणते.

अधीक्षक : वकीलबाई, लोकांची अशी समजूत असते की माहिती अधिकाऱ्याच्या कपाटात सगळी माहिती असते आणि तो ती देत नाही. प्रत्यक्षात त्याच्याकडे असते ते केवळ एक पदनाम, तेही मूळच्या कामावर अधिकचे म्हणून दिलेले. तुमच्या या अर्जातले अंदाजपत्रक तांत्रिक शाखेत, देयक लेखा शाखेत, आणि मोजमाप पुस्तिका दुसऱ्या एखाद्या कामाची नोंद चालू असल्यामुळे शाखा अभियंत्याच्या ताब्यात. तो अभियंता जागेवर गेलेला, नाहीतर निवडणुकीच्या कामाला लावलेला. एखादा कागद दुसऱ्याच प्राधिकरणाकडे असेल तर अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा. हे सगळे तीस दिवसांत जुळले नाही तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती, आणि ती भरायची ज्याच्याकडे एकही कागद नव्हता त्याने.

वकील : भाऊसाहेब, कायदा लिहिणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. कलम ५(४) माहिती अधिकाऱ्याला कोणत्याही अधिकाऱ्याचे साहाय्य मागण्याची मुभा देते, आणि ५(५) म्हणते की ज्याचे साहाय्य मागितले त्यालाही त्या प्रयोजनापुरता माहिती अधिकारीच मानले जाईल. म्हणजे पुस्तिका अडवून बसलेल्या अभियंत्यावरही तीच शास्ती बसू शकते. प्रश्न इतकाच की हे साहाय्य लेखी मागितले गेले होते का. राज्य माहिती आयोगासमोर सुनावणीत नस्ती उघडली की असे आढळते की माहिती अधिकाऱ्याने संबंधित टेबलाला एकदा तोंडी सांगितले होते, आणि त्यानंतर नस्तीत थेट अर्जदाराला पाठवलेले पत्र आहे.

अधीक्षक : लेखी पत्र कोणाला द्यायचे? ज्याच्या हाताखाली काम करायचे त्याला? दर्जाने खालचा माणूस वरच्याला कलम ५(४) चे पत्र देतो तेव्हा त्याने एक कागद मागितलेला नसतो, वरिष्ठांवर अविश्वास दाखवलेला असतो. निदान कार्यालयात ते तसेच वाचले जाते.

या ठिकाणी अधीक्षकांचे म्हणणे नुसती सबब म्हणून बाजूला सारता येत नाही. अधिनियमाने माहिती देण्याचे कर्तव्य एका पदावर ठेवले, परंतु कार्यालयातली उतरंड होती तशीच राहिली, आणि त्यामुळे माहिती मागण्याचा कायदेशीर अधिकार खालून वर आणि ती देण्याचा प्रत्यक्ष अधिकार वरून खाली, अशी उलटी रचना निर्माण झाली. तरीही वकील बाईंचा मुद्दा अधिक टिकाऊ आहे, कारण ज्या कार्यालयात अर्ज आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संबंधित शाखेला लेखी पत्र देण्याची सवय आहे तेथे ते पत्र कोणालाही अपमानाचे वाटत नाही, तो रोजच्या कामाचा भाग होतो.

वकील बाईंनी यानंतर शुल्काच्या टप्प्याकडे लक्ष वेधले. छायांकित प्रतींसाठी महाराष्ट्रात पानाला दोन रुपये आकारले जातात आणि ती रक्कम कळवणारे पत्र पाठवल्यापासून अर्जदाराने ती भरेपर्यंतचा काळ तीस दिवसांच्या मुदतीत धरला जात नाही. उलट मुदत उलटून गेल्यास कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते.

वकील : म्हणूनच पुष्कळ पत्रे अठ्ठाविसाव्या किंवा एकोणतिसाव्या दिवसाची तारीख घेऊन निघतात. कधी पत्रावर तारीख एकोणतिसाव्या दिवसाची असते आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का त्यानंतर आठवड्याने पडलेला असतो. अर्जदारांना सांगावे लागते की पत्राइतकेच पाकीटही जपून ठेवा, अपिलात त्याचीच प्रत जोडायची आहे.

अधीक्षक : शिक्क्याचा प्रकार घडतो, तो समर्थनीय नाही. पण अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र निघते त्यामागे दर वेळी हेतू शोधू नका. पाने किती होतील हे कागद हाती आल्यावरच मोजता येते, आणि कागद हाती येतात पंचविसाव्या दिवशी.

वाद जरा पुढे गेल्यावर अधीक्षकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०११ मधील निकालाचा आधार घेतला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की सार्वजनिक प्राधिकरणांच्या ७५ टक्के कर्मचाऱ्यांनी आपला ७५ टक्के वेळ नियमित कामाऐवजी अर्जदारांना माहिती पुरवण्यात घालवावा अशी स्थिती देशाला नको आहे. त्याच निकालाने असेही स्पष्ट केले की अधिकार आहे तो प्राधिकरणाकडे उपलब्ध असलेल्या माहितीचा. नव्याने माहिती तयार करून देण्याचे किंवा तिच्यातून निष्कर्ष काढून देण्याचे बंधन त्यावर नाही. याच्याही आधी, २००८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ‘माहिती’ या संज्ञेत ‘का’ या प्रश्नाचे उत्तर येत नाही, असे ठरवले होते.

अधीक्षक : आता तुम्हीच सांगा, रस्ता का उखडला, ठेकेदारावर कारवाई का केली नाही, असे अर्ज येतात त्यांचे काय करायचे? एकेक अर्जदार सगळ्या तालुक्यातल्या दहा वर्षांच्या कामांच्या नस्त्या मागतो. काहींचा हेतू कंत्राटदाराशी बोलणी करण्याचा असतो. निविदा मिळाली नाही म्हणून दुसऱ्या कंत्राटदाराने पुढे केलेलेही अर्जदार असतात. बोलणी झाली की अपील मागे घेतले जाते आणि कार्यालयाने काढलेले गठ्ठे पुन्हा बांधून ठेवावे लागतात.

वकील : असे अर्जदार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्यांनी या कायद्याची जी हानी केली आहे ती अधिकाऱ्यांच्या टाळाटाळीपेक्षा कमी नाही. पण तुम्ही ज्या निकालाचा दाखला देता त्याच निकालाने परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. शिवाय मोठ्या मागणीसाठी कलम ७(९) आहे. मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्याने कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार खर्ची पडणार असेल तर स्वरूप बदलता येते, नस्त्या समोर ठेवून पाहणी करा म्हणता येते. त्या कलमाचा हवाला देऊन माहितीच नाकारता येत नाही. ‘का’विषयी म्हणाल तर अर्जदारांना पहिली गोष्ट तीच शिकवावी लागते: कारवाई का केली नाही असे विचारू नका, दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम बिघडल्यास ते कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याच्या मुदतीत, त्याला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती मागा. पत्रच नसेल तर ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ हे उत्तर येते, आणि ‘का’चे उत्तर त्यात आलेले असते.

पाहणीच्या मुद्द्यावर दोघांचे बऱ्याच अंशी एकमत झाले. राज्य शासनाने २०१८ च्या नोव्हेंबरात परिपत्रक काढून जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यास उपलब्ध करून द्यावेत असे सांगितले. पुणे महापालिकेत अशी सोय त्याआधीच सुरू झाली होती. अर्जच न करता नस्ती पाहता आली तर अर्जांची संख्या आपोआप घटते, हे अधीक्षकांनाही मान्य होते. त्यांची तक्रार अशी की त्यासाठी अभिलेख हाती लागण्याजोगे असावे लागतात. शासकीय कागदपत्रांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करण्याची पद्धत जुनी आहे, ज्यात ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे जपायचे आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभराने नष्ट करायचे असतात. परंतु निकाली नस्तीला वर्ग देऊन, पाने क्रमांकित करून, सूची लावून ती अभिलेख कक्षात पाठवणे हे काम कोणाच्याही मूल्यमापनात मोजले जात नाही. बदली झालेला कर्मचारी आपल्या टेबलाचा कार्यभार देताना चालू प्रकरणांची यादी देतो, बंद नस्त्यांचे कपाट तसेच ओलांडले जाते. गळणाऱ्या छताखालचे गठ्ठे, रिकामे राहिलेले अभिलेखपालाचे पद, इमारत बदलताना टेंपोत भरलेली आणि पुन्हा कधीच न उघडलेली पोती यांविषयी ते बोलू लागले तेव्हा त्यांच्या बोलण्यातला बचावाचा सूर गेला आणि त्या जागी खरी व्यथा आली.

वकील : मग ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे वाक्य लिहिताना त्याचा अर्थ काय हे तुम्हांला ठाऊक होते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच आहे, आणि त्याच्या विरोधात जाऊन अभिलेख नष्ट करणे हा कारावासाला पात्र असा गुन्हा आहे. शिवाय कलम ४(१)(क) ने प्रत्येक प्राधिकरणाला अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्यास सांगितले, आणि ४(१)(ख) ने सतरा बाबींची माहिती कोणी न मागताच १२० दिवसांत प्रसिद्ध करण्यास. गोव्यात माहितीचा कायदा १९९७ मध्ये झाला, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा. तो अमलात यावा म्हणून अण्णा हजारे यांना २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागले. केंद्रीय कायद्याच्या आधीपासून ज्या राज्याला तयारीची संधी होती त्याने वीस वर्षांनंतरही पोत्यांचे कारण द्यावे?

अधीक्षक : देऊ नये. पण ते कारण लिहिणारा जो असतो त्याने ती पोती भरलेली नसतात.

वादाचा गाभा यानंतर आला. तीस दिवसांत माहिती न मिळाल्यास, किंवा मिळालेल्या उत्तराने समाधान न झाल्यास, अर्जदाराने तीस दिवसांत पहिले अपील करायचे असते. ते ऐकणारा प्रथम अपिलीय अधिकारी त्याच प्राधिकरणातला, माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरिष्ठ दर्जाचा असतो आणि त्याने तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आता रस्त्याचे उदाहरण पुन्हा पाहावे. मोजमापे शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता घेतो आणि उपअभियंता त्यांतील काहींची जागेवर फेरतपासणी करून पुस्तिकेत सही करतो. ज्या उपविभागात शाखा अभियंता हा माहिती अधिकारी आणि उपअभियंता हा अपिलीय अधिकारी नेमलेला असेल, तेथे पुस्तिकेची पाने उघड करावीत की नाही याचा निर्णय त्याच पानांवर सही केलेला अधिकारी देतो. माहिती अधिकाऱ्याला शास्तीची भीती तरी असते. कलम २० मधील शास्ती मात्र प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला लागूच होत नाही. त्याने अपील ऐकलेच नाही, तरी या कायद्याखाली त्याला काही सोसावे लागत नाही.

वकील : निर्णय झाला तरी कसा होतो ते पाहा. ‘जन माहिती अधिकारी यांनी अपिलार्थीस पंधरा दिवसांत उपलब्ध माहिती द्यावी’, एवढी एक ओळ. कोणता कागद, कोणाकडून, न दिल्यास काय, याचा उल्लेख नाही. पंधरा दिवस जातात, अर्जदार नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करतो, आणि तेथे आयोगावर कालमर्यादाच नाही. महाराष्ट्राच्या आयोगाकडे २०२४ च्या मध्याला एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी प्रलंबित होत्या. तोवर दोषदायित्व कालावधी संपतो, कंत्राटदाराची अनामत परत जाते. मग पुस्तिकेची पाने मिळून उपयोग काय?

अधीक्षक : अपिलीय अधिकाऱ्यालाही एका दिवसात चार बैठका असतात. सुनावणी कशी घ्यावी, कारणे कशी नोंदवावीत, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तो अभियंता आहे, न्यायाधीश नाही.

वकील : मग त्याच्याकडे अपील ठेवूच नका. कलम १९(१) ‘माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरिष्ठ दर्जाचा’ एवढेच म्हणते. तो त्याच शाखेचा, त्याचाच थेट वरिष्ठ असला पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. जिल्हा परिषद हे प्राधिकरण म्हटले तर बांधकामाच्या नस्तीवरचे अपील सामान्य प्रशासनाचा किंवा वित्त विभागाचा वरिष्ठ अधिकारी ऐकू शकतो. कायदा बदलण्याची गरज नाही, नेमणुकीचा एक कार्यालयीन आदेश पुरेल.

अधीक्षक : दुसऱ्या विभागाच्या माणसाला मोजमाप पुस्तिकेतले काय कळणार?

वकील : त्याला रस्त्याची जाडी ठरवायची नाही. कागद आहे का आणि तो देण्याआड कोणते कलम येते, एवढे दोनच प्रश्न त्याच्यापुढे असतात.

या सूचनेवर अधीक्षकांनी शंका घेतली की एकाच इमारतीत बसणारे अधिकारी एकमेकांना सांभाळून घेतील, आणि ती शंका रास्त आहे; पण स्वतःच्या सहीचा न्याय स्वतःच करण्यापेक्षा सहकाऱ्याच्या सहीचा न्याय करणे थोडे तरी अवघड असते, आणि कारणे लिहिताना हात थोडा तरी थबकतो. माहितीच्या अधिकाराच्या दुरवस्थेचे खापर एकतर बेफिकीर कारकुनावर किंवा तुंबलेल्या आयोगावर फोडले जाते, आणि मधली पायरी नजरेआड राहते. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने खरा दोष तेथेच आहे. पहिले अपील नीट चालले तर पुष्कळ प्रकरणे दोन-अडीच महिन्यांत तालुक्याच्या गावी मिटतील. ते चालत नाही म्हणून दहा रुपयांच्या अर्जाचा प्रवास वर्षानुवर्षांचा होतो, आणि तो प्रवास ज्याला परवडतो असा अर्जदारच शेवटी टिकतो. काहींनी याहून मोठी किंमत मोजली आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांतील गैरप्रकार माहितीच्या अधिकाराच्या साहाय्याने उघड केले होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांची हत्या झाली. ज्या कागदांवर लोक जीव धोक्यात घालतात ते मागणीची वाट न पाहता कलम ४ खाली खुले असते, तर एकट्यादुकट्या अर्जदाराचे नाव कोणाच्या डोळ्यांवर येण्याचे कारण उरले नसते.

शेवटचा वाद सर्वांत नवा होता. कलम ८(१)(ञ) हे वैयक्तिक माहितीविषयीचे अपवादाचे कलम. त्याच्या मूळ शब्दांनुसार, जिचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नाही, अथवा जी उघड केल्याने खासगीपणावर गैरवाजवी आक्रमण होईल, अशीच वैयक्तिक माहिती नाकारता येत असे, आणि विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही तेथे होती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने या अटी काढून टाकल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती दुरुस्ती अमलात आली. आता कलमात केवळ वैयक्तिक माहिती असा उल्लेख उरला आहे. व्यापक सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठे असल्यास माहिती देण्याची कलम ८(२) मधील मुभा कायम आहे, पण हिताचे वजन माहिती अधिकाऱ्याला स्वतःहून करावे लागते.

अधीक्षक : नवा माहिती अधिकारी ते वजन करणार नाही. पुस्तिकेत अभियंत्याचे नाव आहे, देयकावर ठेकेदाराचे नाव आहे, तेव्हा वैयक्तिक माहिती म्हणून नाकारणे त्याला सर्वांत सुरक्षित वाटेल. म्हणून या अर्जात एक बदल करा. नावे मागू नका. कलम १० नुसार नावे झाकून उरलेला भाग द्यावा असे लिहा. पदनाम, मोजमापे आणि तारखा एवढ्यावर रस्त्याचा प्रश्न सुटतो.

वकील : या रस्त्याचा सुटेल. पण सरकारी कामावर सही करणाऱ्याचे नाव हे त्याचे खासगी नाव नसते. अर्जदारांनीच ते झाकून मागायला सुरुवात केली तर दुरुस्तीने जे घेतले नाही तेही आपणच देऊन टाकू. रोजगार हमीची हजेरीपत्रके, घरकुलांच्या लाभार्थी याद्या, यांत नावांखेरीज तपासायचे ते काय उरते?

अधीक्षक : आणि नावांसह मागितले, त्याने नाकारले, अपील लाखाच्या रांगेत गेले, तर त्या गावाला दुसऱ्या पावसाळ्यातही उत्तर मिळणार नाही.

या मुद्द्यावर दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही. अर्जाचा मसुदा पूर्ण झाला तेव्हा त्यात नावे झाकण्याची विनंती नव्हती. मात्र अधीक्षकांच्या आग्रहावरून मोजमाप पुस्तिका कोणाला कोणत्या तारखेला दिली आणि ती केव्हा परत आली याची नोंद ठेवणाऱ्या नोंदवहीचे संबंधित पान, आणि तेवढ्याच पानाची पाहणी येत्या सोमवारी करू देण्याची विनंती, असे दोन मुद्दे वाढवले गेले होते. मसुद्याचे शब्द १५० च्या आतच भरले.